दुर्मिळ कर्करोगांतील किरणोपचार

दुर्मिळ कर्करोगांतील किरणोपचार : क्वचित आढळणाऱ्या मारक अर्बुदांवर उच्च ऊर्जेच्या किरणांनी करावयाची चिकित्सा. ‘दुर्मिळ’ कोणास म्हणावे याविषयी एकमत नाही. यूरोपीय गणनेत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला 6 पेक्षा कमी नवे रुग्ण ही मर्यादा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ती 15 धरली. दोन्ही मर्यादा तिकडच्या लोकसंख्येवर बेतलेल्या असल्याने विदर्भात जशाच्या तशा लावता येत नाहीत. मुखाचा कर्करोग यूरोपात दुर्मिळांत मोडतो. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) नागपुरात तो नित्याचा. म्हणून दुर्मिळता स्थानिक कर्करोग-नोंदवहीवरून ठरविणे (नागपूरची नोंदवही 1980 पासूनची आहे) अधिक युक्त वाटते.

किरणांचा परिणाम रोगाच्या संख्येवर नव्हे, पेशींच्या जातीवर ठरतो. जेम्स यूइंग यांनी 1921 मध्ये वर्णिलेले हाडाचे अर्बुद रेडियमने झपाट्याने आटते, हे त्याचे वेगळेपण तेव्हाच लक्षात आले होते. मात्र रुग्ण थोडे असल्याने पुरावा सावकाश जमतो. हातापायांच्या मृदू ऊतींच्या (स्नायू, मेद इत्यादींच्या) सार्कोमात, म्हणजे तेथील कर्करोगात, अवयव कापणे अटळ नाही, हे दाखविणाऱ्या 1982 च्या अमेरिकी चाचणीत अवघे 43 रुग्ण होते. अवयव राखून शस्त्रक्रिया व किरणोपचार केलेल्या गटाचे आयुर्मान अवयव कापलेल्यांहून कमी भरले नाही. त्यानंतरचा वाद क्रमाचा : किरणोपचार शस्त्रक्रियेच्या आधी की नंतर. 2002 च्या कॅनडातील चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी 50 ग्रे (ग्रे हे शोषित किरणमात्रेचे एकक) मात्रा दिल्यास जखमेच्या तक्रारी 35 टक्के, तर नंतर 66 ग्रे दिल्यास 17 टक्के रुग्णांत आढळल्या. परंतु जखम आज ना उद्या भरते. मोठ्या मात्रेने ताठरलेला सांधा सहसा मोकळा होत नाही. त्यामुळे आधी किरणोपचार करण्याकडे अलीकडे कल आहे. पोटामागील सार्कोमात आधीच्या किरणोपचाराचा एकंदर लाभ 2020 च्या चाचणीत दिसला नाही. मेदार्बुदाच्या (मेदऊतीच्या सार्कोमाच्या) उपगटाला तो होतो का, याबाबत मतभेद आहेत.

एकाच ठिकाणच्या प्लाझ्मा पेशींच्या (प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींच्या) अर्बुदात बहुधा किरणोपचार पुरेसा ठरतो. आनुवंशिक दृष्टिपटलार्बुदात (लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोगात) तो शक्यतो टाळतात, कारण पुढे दुसरा कर्करोग उद्‌भवण्याचा धोका वाढतो.

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे किरणोपचार मिळतो. कवटीच्या तळाशी होणाऱ्या कॉर्डोमा या हाडाच्या अर्बुदासाठी प्रोटॉन किरण श्रेयस्कर मानले जातात, कारण लगतचा मस्तिष्क-स्तंभ वाचवून 70 ग्रेच्या वर मात्रा द्यावी लागते. त्यासाठी येथील रुग्णास चेन्नई (2019 पासून) किंवा खारघर (2023 पासून) येथील केंद्र गाठावे लागते.