एक्स-रे फिल्मवर साधा फोटोही निघतो

‘एक्स-रे फिल्मवर फक्त क्ष-किरणच उमटतात, कॅमेऱ्यात घातली तर ती कोरीच राहणार’ हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

छातीचा किंवा हाडांचा एक्स-रे काढताना ही फिल्म कॅसेटमध्ये (उजेड आत न येऊ देणाऱ्या चपट्या डबीत) दोन पडद्यांमध्ये दाबून ठेवतात. क्ष-किरण पडले की पडदे चमकतात आणि प्रतिमा मुख्यतः त्या उजेडानेच उमटते. खुद्द क्ष-किरण बहुतांशी फिल्ममधून आरपार जातात. म्हणजे ही फिल्म मुळात दृश्य प्रकाशासाठीच बनवलेली! कॅल्शियम टंगस्टेटच्या जुन्या पडद्यांचा उजेड निळा, नंतरच्या गॅडोलिनियमच्या पडद्यांचा हिरवा. फिल्मही त्यानुसार निवडायची.

लाल रंग मात्र तिला दिसत नाही. त्यामुळे लाल दिव्याखाली ती कापता येते, प्रतिमा उमटताना पाहता येते; लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या शीट फिल्मचे छायाचित्रण, शिकणाऱ्याला यासारखा आनंद नाही. पोर्ट्रेटमध्ये ओठ काळपट येतात, निळे आकाश पांढरेफटक. बल्बच्या पिवळ्या उजेडात तिचा वेगही, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, घटतो, म्हणून वेगाचा एकच आयएसओ आकडा धरून चालत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, सहसा दोन्ही बाजूंना असते आणि ओले असताना चटकन ओरखडते. सपाट तळाचा ट्रे घ्यावा, एका वेळी एकच शीट धुवावी.

आणि रुग्णालयांतल्या थर्मल प्रिंटरची ड्राय फिल्म आणू नका. ती उष्णतेने छापायची असते, कॅमेऱ्यात चालत नाही.