गुड फ्रायडेची सहावी प्रार्थना : ज्यूंच्या तारणाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

गुड फ्रायडेच्या कॅथलिक उपासनेत ओळीने दहा प्रार्थना होतात. ख्रिस्तसभेसाठी म्हणजे चर्चसाठी, पोपसाठी, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी वगैरे. त्यांतली सहावी ज्यू लोकांसाठी असते. भाविक ऐकतात, गुडघे टेकतात, उठतात आणि सातवी सुरू होते. मिनिटाभराचा मामला. पण ख्रिस्ताला न मानणाऱ्या ज्यू माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, होते का, या प्रश्नावर ख्रिस्ती जगाने गेल्या शंभर वर्षांत किती कोलांट्या घेतल्या, ते पाहायचे तर धर्मशास्त्राचे जाडजूड ग्रंथ बाजूला ठेवून या एका प्रार्थनेचे मसुदे वाचावेत.

वादाचे मूळ पहिल्या शतकातल्या प्रेषित पौलाच्या पत्रात आहे. पौल स्वतः ज्यू, त्यामुळे हा प्रश्न त्याच्यासाठी घरचाच होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रातल्या नऊ ते अकरा या अध्यायांत त्याने जे म्हटले ते दोन्हीकडे झुकते. सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाच्या, दृष्टीने ज्यू विरोधी, पण निवडीच्या दृष्टीने पूर्वजांमुळे देवाला प्रियच. बिगरज्यू ख्रिस्ती म्हणजे जैतुनाच्या मूळ झाडावर कलम केलेली रानटी फांदी, तिने मुळापुढे तोरा मिरवू नये, असा दमही तो भरतो. आणि शेवटी सर्व इस्राएलचे तारण होईल, असे सांगून ते कसे होईल हे रहस्य म्हणून सोडून देतो. पुढे ज्याने त्याने या तीन अध्यायांतली आपल्या सोयीची ओळ उचलली.

मधली हजार-बाराशे वर्षे झपाट्याने ओलांडता येतात, कारण त्यात मतभेद फारसा नव्हता. संत ऑगस्टीनने ज्यूंना मारू नये असे सांगितले, पण कारण दिले ते असे की त्यांची विखुरलेली अवस्था हीच ख्रिस्ती धर्माच्या खरेपणाची साक्ष आहे. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेच्या फर्मानाने तर शंकेला जागाच ठेवली नाही. मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि फुटीर, यांपैकी जे मरणापूर्वी ख्रिस्तसभेत येणार नाहीत ते सार्वकालिक अग्नीत जातील. १५५५ मध्ये रोममधल्या ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडण्यात आले आणि पुढे त्यांना सक्तीने ख्रिस्ती प्रवचने ऐकवली जाऊ लागली. प्रोटेस्टंट सुधारणेनेही यात काही सुधारले नाही. मार्टिन ल्यूथरने १५२३ मध्ये ज्यूंविषयी सौम्य लिहिले, ते ज्यू धर्मांतर करतील या आशेने. ती फळली नाही तेव्हा १५४३ मध्ये त्यांची सभास्थाने जाळा म्हणून लिहिले. बाप्तिस्मा घेतला म्हणजे सुटलो असेही नव्हते. गोव्यात गार्सिया द ओर्ता हा ज्यू वंशाचा ख्रिस्ती वैद्य १५६८ साली वारला, आणि तो मनाने ज्यूच राहिला होता असे ठरवून इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली.

एकोणिसाव्या शतकात सक्तीची जागा मिशनने घेतली. याचा एक धागा थेट कोकणात येतो. मुंबईत आलेल्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजात शाळा काढल्या, मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, पवित्र शास्त्र मराठीत हाती दिले. हेतू अर्थातच त्यांना ख्रिस्ताकडे आणण्याचा. घडले भलतेच. शनिवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी हिब्रू शिकून घेतली, आपले शास्त्र आपल्या भाषेत वाचले आणि ते पूर्वीपेक्षा पक्के ज्यू झाले. धर्मांतर केलेल्यांची संख्या नगण्य राहिली.

आता प्रार्थनेकडे. १५७० च्या रोमन मिस्सा ग्रंथातली, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या पुस्तकातली, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून चालत आलेली प्रार्थना ‘अविश्वासू ज्यूं’साठी होती. देवाने त्यांच्या अंतःकरणावरचा पडदा दूर करावा, त्यांचे आंधळेपण घालवावे, त्यांना अंधारातून बाहेर काढावे, असा तिचा आशय. ‘अविश्वासू’साठी जो लॅटिन शब्द होता त्याचा बोलीभाषांत दगाबाज असा अर्थ रुळला आणि त्यावर बरेच रामायण झाले. पण मला त्या शब्दापेक्षा बोलकी वाटते ती गुडघ्यांची गोष्ट. प्रत्येक प्रार्थनेआधी ‘गुडघे टेकूया’ अशी सूचना होई आणि सगळे गुडघे टेकत. फक्त ज्यूंच्या प्रार्थनेला सूचना नाही, गुडघे नाहीत. नवव्या शतकापासून त्याचे कारण असे देत की ज्यूंनी येशूपुढे गुडघे टेकून त्याची थट्टा केली होती. शुभवर्तमानात ती थट्टा रोमन शिपायांनी केल्याचे स्पष्ट लिहिले आहे. एवढ्या पिढ्यांत हे कुणाच्याच ध्यानात आले नसेल का?

१९२६ मध्ये रोममध्ये धर्मगुरूंची एक संघटना स्थापन झाली. तिच्यात कार्डिनल होते, दोनशेहून अधिक बिशप होते. त्यांनी तो शब्द काढा आणि गुडघे टेकण्याची प्रथा इथेही सुरू करा, अशी विनंती केली. उपासनाविधींचे काम पाहणाऱ्या विभागाने अनुकूल मत दिले. धर्मसिद्धांतांची राखण करणाऱ्या विभागाने मात्र ती फेटाळली. प्राचीन उपासना अशी कुणाच्या सांगण्यावरून बदलता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. २५ मार्च १९२८ रोजी संघटनाच बरखास्त झाली. विचित्र म्हणजे त्याच हुकूमनाम्यात ज्यूद्वेषाचा निषेधही होता. द्वेष नको, पण प्रार्थना तशीच राहील, अशी ती भूमिका.

मग युरोपात जे घडले ते वेगळे सांगायला नको. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झेलिसबर्ग इथे ज्यू आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी ख्रिस्ती शिकवणुकीसाठी दहा मुद्दे काढले. १९५५ च्या फेरबदलात गुडघे टेकणे आले. १९५९ च्या गुड फ्रायडेला तेव्हाच्या पोपनी तो शब्द गाळला. पुढच्या वर्षी त्यांना एक फ्रेंच ज्यू इतिहासकार भेटले, ज्यांची पत्नी आणि मुलगी नाझींनी मारली होती. येऊ घातलेल्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या महासभेत, ज्यूंचा विषय घ्यावा, ही त्यांची मागणी होती.

परिषदेच्या दस्तऐवजाचा प्रवास सरळ नव्हता. १९६४ च्या शरदातल्या एका मसुद्यात ज्यू लोक पुढेमागे ख्रिस्तसभेत येतील अशी आशा लिहिली होती. न्यूयॉर्कच्या एका नामवंत रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) सुनावले की धर्मांतर किंवा मरण असा पर्याय असेल तर मी केव्हाही ऑशविट्झला जायला तयार आहे. ती ओळ गेली. त्याऐवजी, फक्त देवाला ठाऊक असलेल्या एका दिवशी सर्व राष्ट्रे एका स्वराने प्रभूला हाक मारतील, असे वाक्य आले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या नावाने तो दस्तऐवज २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाला. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही, ते देवाला अजूनही प्रिय आहेत, हे त्यात आहे. त्यांचे तारण होते का, याचे थेट उत्तर नाही. तेव्हा कुणाला ते जाणवले नाही, कारण जे मिळाले तेच अफाट होते.

१९७० च्या नव्या मिस्सा ग्रंथाने ती फट जवळजवळ बुजवली. ज्यांच्याशी देव प्रथम बोलला ते ज्यू लोक त्याच्या नावाच्या प्रीतीत आणि त्याने त्यांच्याशी केलेल्या कराराशी असलेल्या निष्ठेत वाढत राहोत, अशी ती प्रार्थना. पुढे त्यांना तारणाची पूर्णता लाभो असे मागणे आहे, पण ती कोणत्या वाटेने, हे प्रार्थना सांगत नाही. १९८० मध्ये पोलिश पोपनी जर्मनीतल्या माइन्झ इथे ज्यूंशी बोलताना ‘देवाने कधीच रद्द न केलेला करार’ असे शब्द वापरले. १९८६ मध्ये ते रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. गाडे रुळावर आले असे वाटत होते.

जुलै २००७ मध्ये त्यांच्यानंतरच्या जर्मन पोपनी जुन्या लॅटिन मिस्सेला सर्वत्र मुभा दिली. ती १९६२ च्या ग्रंथाप्रमाणे करायची होती, आणि त्या ग्रंथात पडदा, अंधार, आंधळेपण सगळे शाबूत होते. ज्यू संघटनांनी हरकत घेतली. आता उपाय काय? १९७० ची प्रार्थना लॅटिनमध्ये तयार होती, अडतीस वर्षे वापरात होती, तिच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. जुन्या ग्रंथात तीच घाला, असे अनेकांनी सुचवले. पोपनी तसे केले नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी स्वतः तिसरी प्रार्थना लिहून दिली.

तिच्यात आंधळेपण नाही, हे खरे. पण देवाने ज्यूंची अंतःकरणे प्रकाशित करावीत, म्हणजे येशू ख्रिस्त हा सर्व माणसांचा तारणारा आहे हे ते ओळखतील, अशी ती सुरू होते. दुसऱ्या भागात पौलाचा आधार घेऊन म्हटले आहे की सर्व राष्ट्रांची पूर्ण संख्या तुझ्या ख्रिस्तसभेत येत असता सर्व इस्राएलचे तारण होवो. वर शीर्षक जुनेच राहिले, ज्यूंच्या धर्मांतरासाठी. इटलीतल्या रब्बींनी संवाद तूर्त थांबवला. व्हॅटिकनमधल्या जबाबदार कार्डिनलनी लेख लिहून खुलासा केला की हे आजच्या मिशनविषयी नाही, युगाच्या अंताविषयी आहे. पौलाच्या क्रमाप्रमाणे आधी इतर राष्ट्रे येणार आणि इस्राएलचे काय ते देव स्वतः पाहणार.

हा खुलासा पोकळ नाही. पौलाचे तसे वाचन होऊ शकते. अडचण अशी की तो लेखात आहे आणि प्रार्थना वेदीवर होते. देवळातल्या माणसाच्या कानी पडते ते ‘ख्रिस्ताला ओळखतील’ एवढेच. परिणाम असा झाला की एकाच ख्रिस्तसभेत, एकाच शुक्रवारी, एका वेदीवर ज्यूंच्या करारनिष्ठेसाठी आणि दुसऱ्या वेदीवर त्यांनी ख्रिस्ताला मानावे म्हणून प्रार्थना होऊ लागली, दोन्ही अधिकृत. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या या ईशज्ञानी पोपना हे दिसले नसेल हे पटत नाही. करारनिष्ठेची भाषा गरजेपेक्षा पुढे गेली आहे, असे त्यांना वाटत असावे. २०१८ मध्ये, पद सोडल्यावर, त्यांनी ‘कधीच रद्द न झालेला करार’ या सूत्राची चिकित्सा करणारा लेख प्रसिद्ध केला, त्यावरून तरी तसेच दिसते. जानेवारी २००९ मध्ये ख्रिस्तसभेतून फुटलेल्या चार परंपरावादी बिशपांवरची बहिष्कृती उठवली गेली आणि त्यांतला एक जण नाझींची गॅसघरे नाकारणारा निघाला. त्याने आगीत तेल पडले.

याच काळात अमेरिकेतही ओढाताण चालू होती. २००२ मध्ये तिथल्या बिशपांच्या आणि सिनेगॉगांच्या प्रतिनिधींच्या संवादातून निघालेल्या टिपणात, ज्यूंना लक्ष्य करणाऱ्या धर्मांतराच्या मोहिमा आता धर्मशास्त्रात बसत नाहीत, असे म्हटले होते. २००९ मध्ये बिशपांनी त्यावर दुरुस्तीवजा खुलासा काढला. ज्यूंशी होणारा संवाद हेही ख्रिस्ताकडे येण्याचे अप्रत्यक्ष आमंत्रण असू शकते, असा त्यातून अर्थ निघत होता. मग कुठला रब्बी संवादाला बसणार? काही महिन्यांतच त्या ओळी मागे घ्याव्या लागल्या. मोशेद्वारे केलेला करार ज्यूंसाठी सदैव वैध आहे, हे वाक्य मात्र तिथल्या प्रौढांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून काढलेच.

प्रोटेस्टंटांमध्ये एक मत कधीच नव्हते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बाप्तिस्त संघटनेच्या अध्यक्षांनी जाहीर सभेत सांगितले की सर्वसमर्थ देव ज्यूची प्रार्थना ऐकत नाही. १९९६ मध्ये त्याच संघटनेने ज्यूंमध्ये सुवार्ताप्रसाराचा ठराव केला. दुसऱ्या टोकाला, जर्मनीतल्या प्रोटेस्टंट मंडळींच्या महासभेने २०१६ मध्ये, म्हणजे सुधारणेच्या पाचशेव्या वर्षाच्या तोंडावर, ज्यूंमधले मिशन नाकारले. इंग्लंडच्या चर्चने २०१९ मध्ये दीर्घ दस्तऐवज काढून जुन्या ज्यूद्वेषाची कबुली दिली, पण सुवार्ताप्रसार बंद करतो असे म्हटले नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटी ब्रिटनच्या मुख्य रब्बींनी नेमकी हीच उणीव बोलून दाखवली. इस्रायल राष्ट्राला जिवाभावाने पाठिंबा देणाऱ्या अनेक इव्हँजेलिकल मंडळींचाही हिशेब असा की युगान्ती ज्यू ख्रिस्ताला मानतील. ही मैत्री ज्यूंना सोयीची आहे आणि अवघडही.

कॅथलिक बाजूचा सर्वांत प्रामाणिक मजकूर माझ्या मते १० डिसेंबर २०१५ चा आहे. ‘नोस्त्रा एताते’च्या पन्नाशीनिमित्त व्हॅटिकनच्या आयोगाने तो काढला. ज्यूंसाठी एक आणि ख्रिस्ती लोकांसाठी दुसरी, अशा तारणाच्या दोन समांतर वाटा त्याला मान्य नाहीत. ख्रिस्त सर्वांचा तारणारा, यावर तो ठाम आहे. तरीही ज्यू देवाच्या तारणात सहभागी आहेत यात शंका नाही, असे तो म्हणतो. ख्रिस्ताला उघडपणे न स्वीकारता हे कसे शक्य आहे, ते देवाचे अथांग रहस्य आहे. आणि ज्यूंना उद्देशून कोणतेही संस्थात्मक मिशन ख्रिस्तसभा चालवत नाही, त्याला पाठबळही देत नाही. पौलाने पहिल्या शतकात जिथे हात टेकले, तिथेच आयोग येऊन थांबला आहे. फक्त या वेळी त्यातून ज्यूंना त्रास देण्याचा परवाना निघत नाही.

त्याच्या थोडेच आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी व्हॅटिकनला विनंती केली होती की २००८ ची प्रार्थना बदलून १९७० च्या प्रार्थनेशी जुळवून घ्यावी. २०२१ मध्ये अर्जेंटिनाच्या पोपनी जुन्या मिस्सेवरच कडक बंधने घातली, त्यामुळे ती प्रार्थना ऐकणारे आणखी कमी झाले. मजकूर मात्र कुणी बदललेला नाही. जिथे जुन्या विधीला परवानगी आहे तिथे गुड फ्रायडेला आजही २००८ चीच प्रार्थना म्हणायची असते.