खिडकीतलं कोवळं ऊन
‘सकाळी खिडकीपाशी कोवळ्या उन्हात बसा, ड जीवनसत्त्व मिळेल, सर्दी-खोकला फिरकणार नाही,’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय.

त्वचेत ड तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-ब किरणांमुळे. साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. ऊब मिळते, ड नाही. कोवळं ऊन तिरपं, त्यात हे किरण फार थोडे. अंगणात उभं राहून सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ड देणारं खरं ऊन.

कमतरता असणाऱ्यांत श्वसनाचे संसर्ग जास्त दिसतात, हे खरं. पण आजारपणाने घरात पडून असलेल्यालाही ऊन कमीच मिळतं ना! म्हणजे कमतरता हे आजाराचं कारण नसून परिणामही असू शकते. म्हणून ड चं औषध घेण्याआधी रक्ततपासणी. ड ची आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी कृपा करून रोज घेऊ नका; कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.