शिक्षा आणि वळण यातला घोळ

कुणाच्या घरी आजारपण आलं, नोकरी गेली की प्रार्थनेला जमलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणतंच, "देव शिक्षा करतोय हो, काहीतरी चुकलं असेल." मला याचा आता खरंच वैताग आलाय, आणि वर आधार कसला देतात तर इब्री 12 चा, म्हणजे बायबलातल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायाचा!

शिक्षा काय असते ते सगळ्यांना माहितीये. गुन्हा, निकाल, दंड, विषय संपला. आरोपीचं पुढे काय झालं याच्याशी न्यायाधीशाला घेणंदेणं नसतं.

घोळ शब्दापासून सुरू होतो. त्या अध्यायात आपल्या मराठी बायबलात "परमेश्वराच्या शिक्षेचा अनादर करू नको" असं आहे आणि आज शिक्षा म्हटलं की छडी नाहीतर तुरुंगच आठवतो. मूळ ग्रीक शब्द पायदेया, तो मूल या अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे मूल वाढवणं, शिकवणं, आपण वळण लावणं म्हणतो ना ते. (संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवणंच, पण संस्कृत डोक्यात ठेवून बायबल वाचतो कोण?) त्या उताऱ्यात फटक्यांचा उल्लेख आहे, तो मी लपवत नाही, पण 11व्या वचनात तालमीसाठी जो ग्रीक शब्द आहे त्याच घराण्यातून जिम्नॅशियम आलंय. तालमीत अंग दुखतंच की.

पण खरी गोम कोणी बघतच नाही. हे पत्र ज्यांना लिहिलंय त्यांचा गुन्हा काय होता? दोन अध्याय मागे जा, 10व्या अध्यायाचं 34वं वचन वाचा. विश्वासापायी त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, तुरुंगातल्यांसाठी त्यांचा जीव तुटत होता, आणि अशा लोकांना लेखक सांगतोय की हे सोसताय ते मुलं म्हणून सोसताय. मग प्रत्येक संकटामागे पाप हुडकत बसायचं हे कुठून आलं? योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात येशूच्या शिष्यांनीही जन्मांधाबद्दल तेच विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नाही म्हटलं.

"मग काय, काहीही केलं तरी चालतं" म्हणणारेही आहेत, त्यांनी येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला नीट वाचावा, बापाकडून वाटणी घेऊन घर सोडून गेलेल्या आणि सगळं उधळलेल्या धाकट्या पोराचा. दुष्काळात पोरगा डुकरांच्या शेंगांकडे बघत बसला तेव्हा बापाने मागून पैसे पाठवल्याचं त्यात कुठे नाहीये. पण तो दूर असतानाच बापाला दिसला आणि म्हातारा धावत सुटला. "मला मोलकऱ्यासारखं ठेवा" हे वाक्य पोरगा घोकून आला होता, म्हणजे स्वतःची शिक्षा स्वतःच ठरवून. ते तोंडातून निघायच्या आतच बाप झगा आणा, अंगठी आणा म्हणत सुटला.

धाकट्याला शिक्षा व्हावी असं वाटत होतं ते थोरल्या भावाला. घरात राहून "इतकी वर्षं तुमची चाकरी केली" असं बापाला ऐकवतो, म्हणजे हाही स्वतःला नोकरच समजत होता, आणि गंमत बघा, बाप त्याचीसुद्धा समजूत काढायला बाहेर आला.