‘१२.९ चा बोल्ट टाका, पुन्हा तुटणार नाही’: हे खरं नाही

टर्बो गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागाचा) स्टड, म्हणजे तो भाग नटाने आवळून धरणारा बिनडोक्याचा बोल्ट, तुटला की १२.९ चा, म्हणजे खूप वरच्या ताकद-श्रेणीचा बोल्ट टाकायचा सल्ला हमखास मिळतो. त्यामागची समजूत अशी की जुना स्टड कमजोर होता. बहुतेकदा तो कमजोर नसतो, उष्णतेच्या ताणाने थकलेला असतो.

हिशेब करून पाहा. ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. ज्यावर तो बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असलं तरी पाण्याने थंड राहतं, म्हणून ते एक मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक तापण्या-थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत स्टडना वाकवतो, आणि सर्वांत जास्त टोकाच्या स्टडना. म्हणूनच बहुधा आधी तेच तुटतात.

१२.९ ची ताकद पोलाद कडक करून, मग साधारण ४०० अंशांच्या आसपास टेम्पर करून (पुन्हा तापवून) येते. टर्बोजवळ तेवढी उष्णता सतत मिळाली की ती ताकद उतरते, नट सैल होतात, गळणाऱ्या धुराची फुरफुर सुरू होते. इथे उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचा, कंपनीने सांगितलेलाच स्टड हवा. नायलॉनचं लॉकनट तर मुळीच नको, ते वितळतं.

काम इंजिन थंड असतानाच करा. अडकलेल्या तुकड्यावर नट वेल्ड केला तर तो बऱ्याचदा निघतो. आणि नवा स्टड बसवण्याआधी मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सरळ पट्टी लावून नक्की तपासा: तो वाकलेला असेल तर कितीही चांगला स्टड पुन्हा तुटेल.