सिनेमातल्या जागेची ट्रिप

आवडत्या सिनेमात दिसलेली जागा प्रत्यक्ष बघायची म्हणून आखलेली ट्रिप, टुरिझमवाले याला फिल्म टुरिझम म्हणतात. यात मेन अडचण अशी की पडद्यावर एक दिसणारी जागा बरेचदा एक नसतेच, घर बाहेरून एका गावातलं, आतून स्टुडिओतला सेट, आणि मागचा डोंगर भलत्याच देशातला. म्हणून तिकिटं काढायच्या आधी कुठला सीन कुठे शूट झालाय हे शोधायचं, निम्मं प्लॅनिंग तिथेच होतं.

'कासाब्लांका' (1942) बघून मोरोक्कोतलं कासाब्लांका शहर गाठणाऱ्यांची हीच गंमत होते, कारण तो सिनेमा जवळजवळ सगळा कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत झालाय. त्या शहरात आज सिनेमातल्या नावाचा कॅफे आहे खरा, पण तो 2004 मध्ये सिनेमावरून काढलेला, म्हणजे गंगा उलटीच वाहिली. 'द लास्ट समुराई' (2003) मधलं जपान बरंचसं न्यूझीलंडच्या तारानाकी भागातलं आहे आणि तिथला ज्वालामुखी चक्क फुजी म्हणून खपून गेलाय.

दुसरा प्रश्न म्हणजे आता तिथे शिल्लक काय आहे. सेट हे पाडायचेच या हिशोबाने बांधतात. 'शोले' (1975) मधलं रामगढ बंगळुरूजवळच्या रामनगरला उभं केलं होतं, ते गाव कधीच गेलं, खडकाळ डोंगर तेवढे तसेच आहेत आणि त्यातल्या रामदेवर बेट्टावर आता गिधाडांचं अभयारण्य आहे. न्यूझीलंडमधल्या माटामाटाजवळच्या मेंढ्यांच्या फार्मवरचं हॉबिटन, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मधल्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचं गाव, मात्र नशीबवान, पहिल्या वेळचा सेट तात्पुरता होता पण पुढच्या 'द हॉबिट' सिनेमांसाठी परत बांधताना पक्का बांधला, त्यामुळे 44 हॉबिट घरं आजही बघता येतात, फक्त गाइडेड टूर घेऊनच. स्पेनमधल्या बुर्गोसजवळच्या सॅड हिलची गोष्ट तर आणखीनच भारी. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (1966) मधलं क्लायमॅक्सचं कबरस्तान गवतामातीखाली गडप झालं होतं, ते 2015 पासून फॅन लोकांनी स्वतः फावडी घेऊन उकरून काढलं. माझ्या मते एवढ्या प्रेमाने वाचवलेलं लोकेशन क्वचितच सापडेल.

मग नियम. पडद्यावर केलेलं तिथे जाऊन करता येईलच असं नाही, 'ला दोल्चे विता' (1960) सारखं रोमच्या त्रेवी कारंज्यात उतरलात तर थेट दंड, आणि तिथल्याच स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर 2019 पासून नुसतं बसायलाही बंदी. थायलंडच्या माया बेवर 'द बीच' (2000) नंतर इतकी गर्दी लोटली की प्रवाळांची पार वाट लागली, जून 2018 मध्ये बीच बंदच केला. जानेवारी 2022 मध्ये उघडला तो माणसांची संख्या ठरवून आणि पोहणं बंद ठेवून, वर पावसाळ्यात काही आठवडे परत बंद असतो, तारखा बघूनच बुकिंग करावं.

सगळ्यात कटकटीची ट्रिप बहुतेक आयर्लंडच्या स्केलिग मायकलची. 'स्टार वॉर्स' च्या 2015 आणि 2017 च्या सिनेमांत ल्यूक स्कायवॉकर हा जुना हिरो जिथे लपून बसलेला असतो ते हे बेट, मुळात जुना ख्रिस्ती मठ आणि 1996 पासून युनेस्कोचा जागतिक वारसा. उतरायची परवानगी साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, दिवसाला 180 जणांनाच, त्यामुळे बोटी महिनोन् महिने आधी भरतात, आणि एवढं करून समुद्र खवळला की बोट कॅन्सल. वर जायला 618 दगडी पायऱ्या, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, टॉयलेट तर नाहीच. उंचीची भीती असणाऱ्यांनी बेटाभोवती फक्त चक्कर मारून आणणारी बोट घ्यावी, बाकीच्यांनी जवळच्या पोर्टमॅगी गावात दोन-तीन दिवस जास्तीचे धरून मुक्काम करावा. आणि हो, 2017 च्या सिनेमातल्या दगडी घुमटीसारख्या झोपड्यांचे बरेच सीन बेटावर नाही, आयर्लंडच्याच डिंगल द्वीपकल्पावर केलेल्या सेटवर झालेत, तो सेट नंतर काढून टाकला. खऱ्या झोपड्या मात्र पायऱ्या चढून गेल्यावर वर आहेत.