ऑप्सोनीकरण

रोगजंतू किंवा बाहेरून शिरलेला कण रक्तातील विशिष्ट प्रथिनांनी माखला जाणे आणि त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळणे सोपे होणे, यास ऑप्सोनीकरण म्हणतात. माखणारी प्रथिने म्हणजे ऑप्सोनिने. लंडनमध्ये ऑल्म्रोथ राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांनी १९०३ मध्ये हे नाव दिले. त्याच्या ग्रीक मुळात जेवणाच्या तयारीचा अर्थ आहे.

जंतू गिळणाऱ्या या पांढऱ्या पेशीची, म्हणजे भक्षक पेशीची, खरी अडचण भुकेची नसते, पकडीची असते. न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकॉकससारखा जंतू बहुशर्करेचे निसरडे आवरण पांघरून असतो. निफाड-लासलगावकडच्या कांदा उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. कांद्याची पात मेणचट, फवारलेले औषध तिच्यावरून घरंगळते, म्हणून पंपात स्टिकर मिसळावा लागतो. ऑप्सोनिन असाच चिकटपणा आणते. फरक इतकाच की, ऑप्सोनिनांपैकी प्रतिपिंड, म्हणजे विशिष्ट जंतूविरुद्ध शरीराने बनवलेले प्रथिन, आपले लक्ष्य ओळखूनच चिकटते.

आयजीजी या प्रतिपिंडाच्या दोन भुजा जंतूला धरतात आणि मोकळी राहिलेली शेपटी पांढऱ्या पेशीवरील ग्राहीत, म्हणजे तिला पकडणाऱ्या प्रथिनात, बसते. दुसरे ऑप्सोनिन रक्तातील पूरक प्रथिनांतून, म्हणजे जंतूंविरुद्ध प्रतिपिंडांना साथ देणाऱ्या प्रथिनांतून, मिळते. त्यांपैकी सी३ तुटले की त्याचा सी३बी हा तुकडा जंतूच्या पृष्ठभागाशी पक्का रासायनिक बंध जोडतो. आपल्या पेशींवर तो चुकून बसलाच, तर तेथील नियंत्रक प्रथिने त्याला निष्प्रभ करतात. जंतूभोवती एकामागून एक ग्राही जुळत जातात, तसतसे पेशीचे पटल त्याच्यावर चढत जाते आणि शेवटी तो आत कोंडला जातो. तेथे लयकारिका या पेशीतील पाचक पिशव्यांमधील विकरे त्याचे विघटन करतात.

सायटोकाइने ही पेशींमध्ये निरोप पोहोचवणारी प्रथिने मात्र ऑप्सोनिनांसारखी जंतूला चिकटत नाहीत. ती पेशींना हाक देतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी खेचते. इंटरफेरॉन-गॅमा महाभक्षक पेशींची मारकशक्ती वाढवते. क्षयाच्या जंतूशी लढताना ते फार मोलाचे ठरते.

माखलेले जंतू रक्तातून गाळून काढण्याचे मोठे ठिकाण म्हणजे पोटातील प्लीहा (पाणथरी). सुरगाणा-पेठसारख्या नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात सिकलसेल या तांबड्या पेशींना विळ्याचा आकार देणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांना याची झळ बसते, कारण या आजारात प्लीहा बालपणीच निकामी होऊ लागते आणि न्यूमोकॉकसचा संसर्ग जिवावर बेततो. अशा मुलांना न्यूमोकॉकसची लस वेळेवर मिळालीच पाहिजे. ही लस त्या निसरड्या आवरणाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करवते. मग यकृतातील महाभक्षक पेशींनाही जंतू धरता येतो.